काचेच्या पेटीतील शेजार

काचेच्या पेटीत रंगीत मासे बाळगण्याचा छंद आता मुंबई-पुण्याचा राहिला नाही. तो आगगाडीने थेट आमच्या कचारगडाच्या पायथ्यापर्यंत येऊन पोचला आहे. सालेकसा तालुक्यातील हे स्थान पुष्कळ वाचकांस ठाऊक नसेल, म्हणून दोन शब्द सांगतो. मुंबईहून हावड्यास जाणाऱ्या लोहमार्गावर गोंदिया मागे टाकले, की काही वेळाने दरेकसा नावाचे लहानसे स्थानक लागते. तेथून जवळच्या डोंगरात, दाट झाडीत, कचारगडच्या विस्तीर्ण नैसर्गिक गुहा आहेत. गोंड बांधवांचे हे परम पवित्र स्थान असून माघी पौर्णिमेच्या यात्रेस मध्यप्रदेश, छत्तीसगड, तेलंगण इतक्या दूरवरून लोक येतात. डोंगरातून ओढे उतरतात, आणि खाली मैदानात भाताची बांधी व जुने तलाव पसरलेले आहेत. अशा पाण्याच्या मुलखात मासा ही काही अपूर्वाईची वस्तू नव्हे. तथापि दिवाणखान्यातील पेटीत फिरणारा मासा आणि तलावातील मासा यांत पाहणाऱ्यांस निराळेपणा वाटतो, आणि नागपूर-गोंदियाच्या दुकानांतून प्राणवायू भरलेल्या पिशव्यांत हे परदेशी पाहुणे गावोगाव जाऊ लागले आहेत.

या छंदाविषयी आम्हांस येणाऱ्या पत्रांपैकी एका वाचकभगिनींचे पत्र आम्ही मुद्दाम निवडले आहे. त्यांच्या चिरंजिवांनी मुलांच्या हौसेखातर दोन फुटी पेटी आणली. दुकानदाराने तीत एक ऑस्कर, दोन पिवळे आफ्रिकन मासे, एक एंजल आणि सहा निऑन टेट्रा असा संसार थाटून दिला. पहिल्या आठवड्यात निऑन एकेक करून नाहीसे झाले, त्यांची प्रेतेही दिसली नाहीत. मग एंजलच्या पंखांच्या चिंध्या झाल्या. पिवळ्यांपैकी एकाने दुसऱ्यास कोपऱ्यात दाबून मारले. आता ऑस्कर आणि एक पिवळा उरला आहे, आणि मुले पेटीकडे पाहीनाशी झाली आहेत. बाई विचारतात, “गुरुजी, पाणी स्वच्छ आहे, अन्न वेळेवर आहे, मग बिघडले कोठे? सासूबाई म्हणतात, ऑस्कर गावच्या तलावात सोडून द्यावा, त्यालाही मोकळीक आणि आपल्यालाही पुण्य. तसे करावे काय?”

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आम्ही आधीच देऊन ठेवतो. तसे मुळीच करू नये. का, ते पुढे येईलच. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र विस्ताराने दिले पाहिजे, कारण त्या पेटीत जे घडले ते कोणा माशाच्या दुष्टपणाने घडलेले नाही.

वरील यादीतील ऑस्कर, पिवळे आफ्रिकन आणि एंजल हे तिन्ही एकाच कुलातले आहेत. त्या कुलास शास्त्रज्ञ सिक्लिड म्हणतात. आजवर वर्णन झालेल्या त्याच्या जाती सतराशेंहून अधिक आहेत. आफ्रिका व दक्षिण-मध्य अमेरिका ही त्यांची मुख्य माहेरघरे. मादागास्कर, सिंहल आणि आपला दक्षिण भारत येथेही थोड्या जाती आहेत. कोकण-गोव्याकडील वाचकांच्या परिचयाचा कालुंदर हा सिक्लिडच होय. केरळात त्यासच करिमीन म्हणतात, आणि २०१० साली त्या राज्याने त्याला राज्यमत्स्याचा मान दिला. ब्लोख नावाच्या जर्मन पंडिताने १७९० साली त्याचे नामकरण करताना सुरतेचे नाव त्यास चिकटविले, ते आजतागायत तसेच आहे. नावे ठेवणाऱ्यांचा भूगोल नेहमीच पक्का असतो असे नाही.

या कुलाचा विशेष गुण म्हणजे अपत्यप्रेम. बहुतेक मासे अंडी टाकून निघून जातात. सिक्लिड दगड घासूनपुसून स्वच्छ करतात, त्यावर अंडी घालतात, पंखांनी त्यांस वारा घालतात, पिल्ले फुटल्यावर त्यांस खळग्यात नेऊन ठेवतात. कित्येक जातींत माता अंडी व पिल्ले तोंडात वागविते आणि तितके दिवस बहुधा उपाशी राहते. डिस्कस जातीची पिल्ले आईबापांच्या अंगावरील स्रावावर पहिले दिवस काढतात. कोनराड लोरेन्झ या प्राणिशास्त्रज्ञाने, ज्यास पुढे १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळाले, एका रत्नमाशाची हकीकत लिहून ठेवली आहे. हा आफ्रिकेतील तांबडा, ठिपकेदार सिक्लिड. संध्याकाळी वाट चुकलेली पिल्ले तोंडात धरून घरी आणण्याचे काम बाप करीत होता. इतक्यात त्याने गांडुळाचा तुकडा तोंडात घेतला आणि तोच एक चुकार पिल्लू दिसले. त्यानेही ते उचलले. आता एकाच तोंडात दोन वस्तू, एक गिळावयाची, दुसरी जपावयाची. मासा क्षणभर निश्चल उभा राहिला. मग त्याने दोन्ही बाहेर टाकली, पिल्लावर नजर ठेवून गांडूळ सावकाश खाल्ले आणि नंतर पिल्लू उचलून घरट्यात पोचविले. धर्मसंकटातून सुटण्याची इतकी सरळ रीत आम्हांस तरी पुराणांतून फारशी आढळलेली नाही.

परंतु जो आपल्या अंगणाचे इतके रक्षण करतो तो शेजाऱ्यास अंगणात येऊ देत नाही. सिक्लिडांची भांडणे आणि त्यांचे वात्सल्य या एकाच स्वभावाच्या दोन बाजू आहेत. नदीत वा सरोवरात हरलेला मासा पळून जातो. हात-दोन हात लांब गेला की भांडण मिटते. दोन फुटी पेटीत पळून जाण्यास जागाच नाही. म्हणून सिक्लिड निवडताना तो किती सुंदर आहे हे पाहण्याआधी कोणाशेजारी राहील हे पाहावे लागते.

सर्वांत प्रथम पाणी. आफ्रिकेतील मलावी सरोवराचे पाणी जड आणि अल्कधर्मी आहे. शेतकरी मातीच्या बाबतीत ज्यास सामू म्हणतात तो आकडा तेथे आठाच्या आसपास असतो, आणि टांगानिका सरोवरात त्याहूनही अधिक. उलट ॲमेझॉनच्या कित्येक उपनद्यांचे पाणी मृदू व आम्लधर्मी, कुजलेल्या पानांच्या रसाने चहासारखे तांबूस झालेले. पत्रातील पिवळे मासे मलावीचे आणि एंजल ॲमेझॉनचा, तेव्हा दोघांसही मानवेल असे पाणी एका पेटीत करणे म्हणजे एकाच पंगतीत एकास उपास आणि दुसऱ्यास पारणे घालण्यासारखे आहे. दुकानदार म्हणेल, हे मासे आता कोलकात्यास व चेन्नईजवळच्या कोळत्तूरसारख्या गावी पैदास होतात, त्यांस कोणतेही पाणी चालते. त्यात थोडे तथ्य आहे. पिढ्यान्‌पिढ्या आपल्याकडे वाढलेला एंजल किंचित जड पाणी सोसतो. पण स्वभाव व आहार पैदाशीने पालटत नाही. मलावीच्या खडकांतील मासे शेवाळ खरवडून खाणारे असतात. त्यांस ऑस्करचे मांसान्न रोज मिळाले तर पोट फुगून ते मरतात.

आमच्या बाजूस ओढ्याचे पावसाळी पाणी आणि खडकात मुरून विहिरीत आलेले पाणी यांत फार फरक पडतो. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी घरचे पाणी तपासावे. त्याकरिता कागदाच्या पट्ट्या व थेंबांच्या बाटल्या मिळतात. थेंबांवर आमचा विश्वास अधिक. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, त्याचा बंदोबस्त करणारे औषध घातल्यावाचून ते पेटीत ओतू नये. मासे कोणते ते पाण्यावरून ठरवावे. आवडत्या माशाकरिता रोज पाण्यात औषधे ओतीत बसण्याचा उद्योग गृहस्थाश्रमात चालत नाही.

दुसरे, तोंडाचे माप. कौटिल्याने राज्यव्यवस्थेच्या संदर्भात मत्स्यन्याय सांगितला आहे तो येथे शब्दशः लागू पडतो. जो मासा दुसऱ्याच्या तोंडात मावतो तो आज ना उद्या त्याच्या पोटात जातो. यात द्वेष नाही. ऑस्करच्या दृष्टीने निऑन हा शेजारी नसून शेवेचा तुकडा आहे. एंजलसुद्धा, जो इतका नाजूक व तपस्व्यासारखा स्थिर दिसतो, पूर्ण वाढल्यावर निऑन गिळतो. ॲमेझॉनकडे तो अशाच बारीक माशांवर जगतो. लहान एंजलबरोबर निऑन वर्षभर सुखाने राहिले, म्हणून पुढेही राहतील असे कोणी समजू नये.

तिसरे, पुढील वाढ. शतपथ ब्राह्मणातील मनूच्या मत्स्याची कथा आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. हात धुताना ओंजळीत आलेला तो इवलासा मासा मनूस सांगतो, की आम्ही लहान असेतो मोठ्यांकडून आम्हांस भय आहे. मला आधी घटात ठेव, घटात मावेनासा झालो की खणलेल्या खड्ड्यात, आणि तेथेही मावेनासा झालो की समुद्रात. दुकानातील ऑस्कर हा असाच मत्स्य होय, फक्त बोलत नाही इतकेच. विकत घेताना तो दोन बोटांएवढा असतो. वर्षभरात वीतभर होतो, आणि पूर्ण वाढला म्हणजे फूटभर किंवा त्याहून अधिक. एकट्या ऑस्करला चार फूट लांब व दीड दीड फूट रुंद-उंच पेटी हवी, म्हणजे सुमारे २४० लिटर पाणी. पाण्याचेच वजन सहा मण झाले. काच, वाळू व दगड वेगळे. माडीवर ठेवावयाची असल्यास आधी गवंड्यास विचारावे. दोन फूट लांब, एक फूट रुंद पेटीत जेमतेम ६५-७० लिटर पाणी मावते. तीत ऑस्कर ठेवणे ही क्रूरता आहे असे आम्ही स्पष्ट म्हणतो.

सोमेश्वर राजाच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात मत्स्यविनोदाचे प्रकरण आहे; पण तो विनोद गळाने मासे धरण्याचा. काचेआड मासे पाहण्याचा विनोद आपल्याकडे फार अर्वाचीन. आमच्या पिढीतील पुष्कळांनी तो प्रथम पाहिला तो मुंबईस १९५१ साली उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयात. तेथे एकेका माशास केवढी जागा दिलेली होती हे मात्र पाहून येणाऱ्यांच्या ध्यानात राहिलेले दिसत नाही.

आता निवडीकडे वळू. ज्यांस मलावीचेच मासे हवे असतील त्यांनी सबंध पेटी मलावीची करावी. चार फुटी पेटी, खडकांच्या राशी, पुष्कळ बिळे, आणि एका नरास तीन-चार माद्या. येथे एक उलटी युक्ती चालते. पेटी थोडी दाट भरली, की दांडगा नर कोणा एकाच्या मागे हात धुऊन लागू शकत नाही, त्याचा राग वाटला जातो. मात्र दाटी केली तर गाळणयंत्र, ज्यास सर्वजण फिल्टर म्हणतात, दुप्पट ताकदीचे लागते. एकाच रंगाच्या दोन जाती एकत्र ठेवू नयेत. नर परस्परांस प्रतिस्पर्धी समजतात, आणि संकर होऊन कोणत्याच जातीची नसलेली प्रजा निपजते. शेजारी हवाच असेल तर आफ्रिकेतील सायनोडॉन्टिस नावाचा शिंगाळ्याच्या भाऊबंदांपैकी मासा चालतो. तो दांडगाईस दाद देत नाही.

मध्य अमेरिकेतील सिक्लिडांत काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा कॉन्व्हिक्ट आणि लाल गळ्याचा फायरमाउथ हे पुष्कळ मिळतात. कॉन्व्हिक्ट काटक, कोणत्याही पाण्यात जगतो आणि कोठेही प्रसवतो. पण पिल्ले असताना त्याच्याहून दुप्पट माशासही तो पेटीच्या टोकास लोटून देतो. फायरमाउथ गळा फुगवून मोठा आव आणतो. बहुतेक वेळा तेवढ्यावरच भागते. आमच्या वर्गांत अशी मुले पुष्कळ असत, आणि ती मनाने चांगली असत. या दोहोंस एकाच पेटीत घालू नये, कारण आव आणणाऱ्यास खरा मारणारा भेटला म्हणजे निभाव लागत नाही.

शांत घरास शोभणारा सिक्लिड म्हणजे एंजल. सहा लहान पिल्ले आणावी, आपसांत त्यांची जोडी जमू द्यावी, आणि जोडी जमल्यावर बाकीची दुसरीकडे द्यावी. एंजलची उंची लांबीहून अधिक असल्यामुळे पेटी निदान दीड फूट उंच हवी. त्याच्याबरोबर ब्लॅक स्कर्ट टेट्रासारखे भरल्या अंगाचे मासे आठ-दहा ठेवावे. पण एंजलच्या लांब पंखांवर ते टोचे मारीत नाहीत ना, इकडे पहिले काही दिवस लक्ष असावे. टायगर बार्ब तर मुळीच नको. तो टोचेखाऊ म्हणून प्रसिद्धच आहे. वर थव्याने हिंडणाऱ्या अशा माशांचा आणखी एक उपयोग आहे. सिक्लिड धिटाईने बाहेर येण्यापूर्वी हे लहान मासे निर्भयपणे फिरताहेत काय हे पाहतो. ते फिरत असतील तर वर बगळा नाही अशी त्याची खात्री पटते. थवा नसेल तर पुष्कळ एंजल दिवसभर दगडाआड दडून बसतात, आणि मग मासा आजारी आहे अशी तक्रार घेऊन लोक दुकानात जातात.

तळ साफ ठेवण्याकरिता कॉरिडोरस नावाचे लहान मासे पुस्तकांतून सुचविलेले असतात. त्यांतल्या बऱ्याच जातींस थंडावा लागतो. गोंदिया-भंडाऱ्याकडे वैशाखात हवा चाळीस-बेचाळीस अंशांवर जाते, घरातील पेटीचे पाणीही तीस-बत्तिसावर चढते. तेव्हा या बाजूच्या वाचकांनी तो मोह टाळावा. त्याऐवजी ब्रिसलनोज नावाचा मिशाळ मासा ठेवावा. ‘सकर’ म्हणून जो काळा, खवल्यांच्या चिलखताचा मासा स्वस्तात गळ्यात बांधतात तो फूट-सव्वा फूट वाढतो. त्याची गोष्ट पुढे आहे.

उन्हाळ्याचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो. पाणी जितके तापते तितका त्यातील प्राणवायू घटतो, आणि गर्दीच्या पेटीत माशांचा चिडखोरपणा वाढतो. पेटी खिडकीच्या उन्हात ठेवू नये, झाकण जाळीचे करावे, पृष्ठभागावरून पंख्याचा वारा जाऊ द्यावा. एवढ्याने पाणी दोन-तीन अंश उतरते. वीज जाण्याचा नेम नाही, म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरी असावा. बर्फाचे खडे एकदम टाकण्याचा उपाय रोगाहून वाईट. पौषात उलट रात्री गारठतात, तेव्हा हीटर लागतो.

आमची स्वतःची आवड विचाराल, तर ती आपल्या देशच्या केशरी सिक्लिडाकडे आहे. यास व्यापारात ऑरेंज क्रोमाइड म्हणतात. कालुंदराचा हा धाकटा भाऊ, दक्षिण भारत व सिंहल येथील खाड्यांत व गोड्या पाण्यात राहणारा, तीन इंचांच्या आसपास वाढणारा, आणि पोसलेला असला म्हणजे निखाऱ्यासारखा दिसणारा. निसर्गात हे लहान मासे मोठ्या कालुंदराच्या अंगावरील परोपजीवी कीटक टिपून त्यास स्वच्छ करतात, हे शास्त्रज्ञांनी प्रत्यक्ष पाहिलेले आहे. तीन फुटी पेटीत पाच-सहा केशरी मासे आणि आठ-दहा डॅनिओ किंवा रासबोरा असा मेळ उत्तम बसतो. पाणी किंचित जड असावे. विहिरीचे पाणी त्यांस बहुधा मानवते. पिल्ले झाली म्हणजे आईबाप पेटीचा एक कोपरा आपला म्हणून ठरवितात, तेवढा त्यांस द्यावा. खेदाची गोष्ट अशी, की दुकानात मागितला तर हा देशी मासा क्वचितच मिळतो, आणि मलावीचे पिवळे मात्र हवे तितके.

फ्लॉवरहॉर्नविषयी वाचक विचारतीलच. कपाळावर टेंगूळ असलेला हा मासा निसर्गात कोठेही नाही. गेल्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन सिक्लिडांच्या संकरातून तो आग्नेय आशियात निपजविला गेला. त्याचे टेंगूळ जितके मोठे तितकी घरात लक्ष्मी, असे सांगून तो वास्तुशास्त्राच्या नावावर भारी किमतीस विकतात. आम्ही वास्तुविषयक संस्कृत ग्रंथ थोडेफार चाळले आहेत. माणसाने काल-परवा निपजविलेला मासा त्यांत येईल कोठून? पाळावयाचाच असेल तर एकटा पाळावा, कारण त्यास शेजारी म्हणून काहीही मानवत नाही, कित्येकदा पेटीबाहेरचा हातसुद्धा. पॅरट नावाचा नारिंगी गुबगुबीत मासाही असाच संकरज. त्याचे तोंड धड मिटत नाही. अशा व्यंगासच सौंदर्य समजण्याची चाल आम्हांस पसंत नाही.

पत्र लिहिणाऱ्या बाईंस दोन फुटी पेटीच बदलता येत नसेल, तर आमचा सल्ला असा की ऑस्कर व पिवळा दोन्ही परत करावे आणि प्रथम सात-आठ डॅनिओंवर समाधान मानावे. माशांच्या मलमूत्रापासून अमोनिया होतो. त्याचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करणारे सूक्ष्म जंतू फिल्टरमध्ये वस्ती करून बसण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पाणी डोळ्यांस स्वच्छ दिसले तरी विषारी असू शकते. बाईंच्या पेटीत भांडणांच्या जोडीला हेही कारण असणार, कारण पेटी आणि मासे एकाच दिवशी घरी आले होते. तीन महिने सुरळीत गेल्यावर व्हेनेझुएला-कोलंबियाकडील रॅम या दोन-अडीच इंची सिक्लिडाची एक जोडी त्यात घालावी. पाणी मात्र मृदू हवे. विहिरीचे जड निघाले तर डॅनिओंचाच संसार पुढे चालवावा. रॅमला ऊब आवडते, आमचा उन्हाळा तो बऱ्यापैकी काढतो, आणि त्याचे भांडण वीतभर जागेपुरते असते.

आता सासूबाईंच्या सूचनेकडे. त्यांच्या भूतदयेविषयी आमच्या मनात आदरच आहे; बंदिवान जीवास मुक्त करावे ही आपल्या घरांतील जुनी शिकवण आहे. परंतु तलाव कोणाचा हे आधी पाहिले पाहिजे. आमच्या भंडारा-गोंदिया-चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलखात हजारो जुने तलाव आहेत. नवेगावबांधासारखे पुष्कळ तलाव कोहळी समाजाच्या कष्टाने व कौशल्याने बांधले गेले. १९५१ साली मालगुजारी गेली, तेव्हापासून त्यांस माजी मालगुजारी, म्हणजे लोकभाषेत मामा तलाव, असे नाव पडले. भाताला पाणी त्यांचेच, आणि ढिवर बांधवांच्या संस्था त्यांवरच मासेमारी करून पोट भरतात. त्या पाण्यात मरळ आहे, शिंगी आहे, मुरी आहे, आणि शेकडो वर्षे एकमेकांशेजारी राहण्याची सवय झालेले कित्येक बारीक मासे आहेत. तेथे जो नवा येतो तो कोणाच्या तरी तोंडचा घास घेऊन राहतो.

ही नुसती भीती नव्हे. आफ्रिकेतील तिलापिया, जो आपल्या बाजारात चिलापी म्हणून ओळखला जातो, तोही सिक्लिडच. १९५२ साली तो अन्नाकरिता भारतात आणला गेला. माता अंडी तोंडात सांभाळीत असल्यामुळे पिल्ले वाचतात, काही महिन्यांतच ती स्वतः प्रसवू लागतात, आणि तळे खुरट्या चिलापींनी भरून जाते. भीमेवरील उजनीच्या जलाशयात आज कोळ्यांच्या जाळ्यांत त्याचीच गर्दी असते. ज्या वात्सल्याचे कौतुक आम्ही वर केले तेच परक्या तलावात असे संकट होऊन बसते. वर उल्लेखिलेला सकर मासा तर कोणी अन्नाकरिताही आणला नव्हता. घरोघरच्या पेट्यांतून नकोसा झालेला तो केरळ-आंध्रापासून उजनीपर्यंत पोचला आहे. त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात आणि बाजारात त्यास कोणी घेत नाही. पेटीतून सुटलेल्या एका जिवाचे पुण्य घेताना ढिवराच्या जाळ्याची भरपाई कोण करणार? कचारगडच्या ओढ्यांसही हेच लागू. यात्रेकरूंच्या श्रद्धेच्या त्या स्थानी आपल्या घरचे नकोसे झालेले जीव नेऊन सोडण्याचा अधिकार आपल्याला नाही. आमचा आवडता केशरी सिक्लिडसुद्धा तेथे परकाच. देशी असला तरी तो किनाऱ्याकडचा आहे, या तलावांचा नाही.

मग नकोशा माशाचे करावे काय? विकत घेतानाच दुकानदाराशी परतीची बोली करावी. पैसे न मिळाले तरी चालेल, मासा घेतला पाहिजे. मोठी पेटी असलेले छांदिष्ट गोंदिया-नागपुरास आहेत, ते वाढलेला ऑस्कर आनंदाने नेतात. कॉन्व्हिक्टसारखे भरमसाट प्रसवणारे मासे ज्यांस पिल्लांची सोय लावता येत नाही त्यांनी जोडीने आणूच नयेत.

दर आठवड्यास पेटीतील चौथा हिस्सा पाणी बदलावे लागते. ते काढलेले पाणी तलावाकडे जाणाऱ्या नालीत ओतू नये, कारण त्यात अंडी व डोळ्यांस न दिसणारी पिल्ले असू शकतात. फडक्यातून गाळून परसातील झाडांच्या आळ्यांत घालावे. त्यातील नायट्रेट झाडांस खतच आहे. तुळशीस ते घालावे की नाही हा ज्याच्या त्याच्या घरच्या आचाराचा प्रश्न. केळीस आणि कर्दळीस मात्र ते उत्तम मानवते.